छाट काढणारा मालक कसा नाही?

गेल्या जुलैत, आयकराची रिटर्न भरायच्या गर्दीत, मच्छे गावचा एक पोरगा आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या ऑफिसात आला. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत फॉर्म १६ए, बँकेचं पासबुक आणि गळ्यात अडकवायच्या दोरीसकट कारखान्याचं ओळखपत्र.

"अक्का, रिफंड किती येतोय तेवढं बघा की," म्हणाला.

मी एका करसल्लागाराकडे हिशेब बघते. असे कागद वर्षाला शेकड्यानं हातावरून जातात. याच्या कागदावर वर्षभरात १,६८,००० रुपये मिळाल्याचं होतं आणि त्यावर एक टक्का, म्हणजे १,६८० रुपये कर कापला होता. उत्पन्न कराच्या मर्यादेखाली, म्हणजे कापलेलं सगळं परत मिळणार. पोरगा खूश झाला. मी मात्र त्या ओळखपत्राकडे बघत राहिले.

सहा वर्षं तो उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये आहे. सकाळी आठला गेटवर अंगठा, साडेचारला सुट्टी, ऑर्डर जास्त असली की रात्री आठ. सीएनसी मशीन कंपनीचं, ड्रॉइंग कंपनीचं, मापं घ्यायचा व्हर्निअर कंपनीचा, अंगातला निळा शर्टसुद्धा कंपनीचा. रजा पाहिजे तर सुपरवायझरला विचारायचं. आणि कागदावर हा माणूस कोण? कंत्राटदार. त्याच्या महिन्याच्या चौदा हजारांना पगार म्हटलेलं नव्हतं, 'जॉब चार्जेस' म्हटलेलं होतं.

पगारदाराला मिळतो तो फॉर्म १६. व्याज, भाडं, ठेक्याची रक्कम, व्यावसायिक फी अशा पगाराखेरीजच्या पैशांवर कर कापला की मिळतो १६ए. त्या एका 'ए'नं हा पोरगा कामगार कायद्याच्या कुंपणाबाहेर उभा केला होता. सहा वर्षांत त्याला कोणी हे सांगितलं नव्हतं. त्याचं रिटर्न 'व्यवसाय' या रकान्यात आमच्याच ऑफिसातून जात होतं, मीही कधी बोलले नव्हते. ते मनाला लागलं, म्हणून हा लेख.

रंगारी आणि रोजचा माणूस

गणपतीच्या आधी आपण घर रंगवायला रंगारी बोलावतो. तो येतो, भिंती बघतो, आकडा सांगतो. आपण घासाघीस करतो आणि काम उक्तं ठरतं. आपल्याकडे कोणी त्याला गुत्तं म्हणतं. ब्रश त्याचे, शिडी त्याची. स्वतः आला नाही तर भावाला पाठवेल, दोन पोरं जास्त लावून चार दिवसांत उरकेल किंवा मध्येच शहापूरचं दुसरं घर करून येईल. रंग कमी लागला तर फायदा त्याचा, भिंत पापुद्रली तर नुकसान त्याचं. काम संपलं, पैसे दिले, राम राम. हा खरा स्वतंत्र कंत्राटदार. त्याला पीएफ द्या असं कोणताही कायदा म्हणत नाही आणि म्हणूही नये.

आता त्या पोराकडे बघा. त्यानं आपल्या जागी भावाला पाठवलं तर गेटवरचा वॉचमन आत सोडेल का? जॉब लवकर संपवून तो अकरा वाजता घरी जाऊ शकतो का? एका पार्टचा दर त्यानं ठरवला आहे का? शॉपला तोटा झाला तर त्याच्या खिशातून जातो का, आणि नफा झाला तर त्याच्याकडे येतो का? चारही प्रश्नांना उत्तर एकच.

कायद्याच्या भाषेत एक चाकरीचा करार असतो आणि एक कामाचा. चाकरीत माणूस आपला वेळ आणि हात दुसऱ्याच्या हुकमाखाली देतो. कामाच्या करारात तो फक्त तयार काम देतो, ते कसं करायचं हे त्याचं तो बघतो. सगळी भांडणं या दोन करारांच्या सीमेवर होतात. आणि सीमेवरच्या माणसाला कागद किती फसवू शकतो हे आपल्या भागात कोणाला वेगळं सांगायला नको.

चाकरीच्या माणसाला कागदावर कामाचा माणूस दाखवणं, एवढाच हा सगळा प्रकार आहे.

यात मालकाचं वाचतं काय?

त्या पोराचाच हिशेब मांडते. महिना १४,००० हे सगळं पीएफसाठी धरलं जाणारं वेतन मानू. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात मालकानं आपल्या खिशातून १२ टक्के पीएफ भरायचा, म्हणजे महिन्याला १,६८० रुपये.

हा आकडा मी दोनदा तपासला. वर्षभराचा रिफंड म्हणून तो पोरगा जे १,६८० घेऊन खुशीत निघाला होता, तेवढेच पैसे मालकानं त्याच्या नावावर दर महिन्याला भरायचे होते.

दहा किंवा जास्त माणसं असली आणि पगार २१,००० च्या आत असला की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतो. त्यात मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, इथं ४५५ रुपये. दोन्ही मिळून महिन्याला २,१३५, वर्षाला २५,६२०. कामगाराचाही पीएफमध्ये १२ टक्के आणि ईएसआयमध्ये ०.७५ टक्का हिस्सा कापला जातो, हे खरं. पण पीएफचा हिस्सा त्याच्याच खात्यात व्याजासकट राहतो. शिवाय ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. दहा वर्षं झाली तर याच पगारावर ८०,७६९ रुपये होतात. बोनस, भरपगारी रजा, जादा कामाचा दुप्पट दर, बाईमाणूस असेल तर सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा, हे सगळं निराळंच. 'कंत्राटदार' हा एक शब्द लिहिला की यातलं काहीच द्यावं लागत नाही. शिवाय काढून टाकायचं असेल तेव्हा महिन्याची नोटीस नको, नुकसानभरपाई नको. "उद्यापासून येऊ नको" एवढं पुरतं.

पैशाचं एक वेळ सोसता येतं. अपघाताचं सोसत नाही. माझा धाकटा भाऊ एका फाउंड्रीत होता. ओतकामाच्या वेळी लाडलमधून वितळलेलं लोखंड उडालं आणि बुटाच्या वरच्या कडेतून आत गेलं. मोजा कातडीला चिकटला होता. दीड महिना तो घरात बसून होता आणि आई रोज हळदीचं दूध देत होती. मालक भेटायला आले, पाच हजार दिले, "माणुसकी म्हणून" म्हणाले. चांगले बोलले, मी नाही म्हणत नाही. पण ईएसआय असता तर उपचार फुकट झाले असते, आणि कामावर जाता येत नव्हतं त्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्के पैसे मिळाले असते. तेव्हा त्याला बारा हजार पडायचे. दीड महिन्याचे अठरा, त्याच्या ९० टक्के म्हणजे १६,२००. ते त्याच्या हक्काचे होते, कोणाच्या माणुसकीवर टांगलेले नव्हते. आणि ईएसआय लागू नसलेल्या ठिकाणीसुद्धा कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई मालकावरच येते, १९२३ च्या कायद्यापासून. फक्त तुम्ही त्याचे कामगार आहात हे ठरावं लागतं. आम्हाला ते कळलं तोवर भाऊ दुसरीकडे लागला होता आणि आमच्या हातात एकही कागद नव्हता.

मिठागर, शिंपी आणि आजीची छाट

कागदावरच्या नावानं नातं ठरत नाही, ही गोष्ट आपल्या सर्वोच्च न्यायालयानं फार लवकर सांगितली आहे.

पहिला मोठा खटला सौराष्ट्रातल्या ध्रांगध्राच्या मिठागरांचा, निकाल नोव्हेंबर १९५६ चा. तिथले अगरिया, म्हणजे मीठ पिकवणारे मजूर, हंगामात येत, कंपनी त्यांना मिठागराचा एकेक पट्टा देई. ते मदतीला स्वतःची माणसं लावत आणि त्यांचे पैसे स्वतः देत. कंपनी म्हणाली, हे तर ठेकेदार. न्यायालयानं बघितलं की पट्टा कंपनीचा, पाण्यापासून मीठ निघेपर्यंत देखरेख कंपनीची, आणि ठरल्या दर्जाचं नसलेलं मीठ कंपनी नाकारणार. ते कामगार ठरले. मदतनीस ठेवला म्हणून कोणी आपोआप ठेकेदार होत नाही, हे तेव्हापासून पक्कं आहे.

१९७३ साली शिंप्यांचा खटला आला. एका टेलरिंगच्या दुकानात शिंप्यांना नगावर पैसे मिळत. काही जण कापड घरी नेत, येण्याजाण्याची वेळ सैल होती, दुसऱ्याचं काम करायलाही बंदी नव्हती. पण दुकानातली शिलाई मशीनं मालकाची होती आणि शिवण पसंत पडली नाही तर उसवून पुन्हा शिवायला लागायचं. न्यायालयानं त्यांना नोकर धरलं. म्हणजे नगावर पैसे मिळतात एवढ्यावरून माणूस स्वतंत्र होत नाही. वडगाव-खासबागच्या यंत्रमागावर साडीमागे मजुरी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. माग कोणाचा, सूत कोणाचं आणि खराब झालेल्या साडीचे पैसे कोण कापतं, हे आधी बघायचं.

मग १९७८ साल, केरळातला दोरखंडाचा कारखाना. तिथं मालकानं मध्ये ठेकेदार उभे केले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पडदा बाजूला सारला आणि विचारलं की माणसं कोणाच्या धंद्यासाठी राबतात, जागा, कच्चा माल, अवजारं कोणाची, तयार माल कोण नेतं. जो नेतो तो मालक. मधले कागद कितीही असोत.

माझ्या मनात सगळ्यात खोल बसलेला खटला मात्र विडीचा आहे, कारण तो आमच्या घरात घडलेला आहे असं मला वाटतं.

माझी आजी निपाणीची. दुपारची जेवणं झाली की उंबऱ्याशी बसायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं, पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं कापलेली. पान हातात घेतलं की तिची बोटं चालायची आणि डोळे रस्त्यावर असायचे. हजार विड्यांवर मजुरी. मोजून दिलेल्या पानांत हजार भरल्या नाहीत तर पदरचे पैसे घालून पानं घ्यायची. संध्याकाळी कारखान्यात नेऊन दिल्या की तिथला माणूस बंडलं उलगडायचा आणि छाट काढायचा. ही सैल, ही आखूड, ही फाटकी. छाटीच्या विड्यांची मजुरी नाही, आणि विड्याही परत नाहीत. आजी पाठमोरी होऊन पदरानं डोळे पुसायची, हे मी लहानपणी बघितलं आहे.

विडी कारखानदार कोर्टात सांगत आले की या बायका घरी बसून, त्यांच्या सवडीनं, लेकीसुनांच्या मदतीनं विड्या वळतात. आमचा माणूस त्यांच्या डोक्यावर उभा नसतो. मग त्या आमच्या कामगार कशा? ऐकायला पटतं. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी विड्या वळणाऱ्यांनाही आत घेतलं, कारखानदार त्याच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९७४ साली कायदा टिकला. पुढं ऐंशीच्या दशकात घरी विड्या वळणाऱ्यांच्या पीएफचा प्रश्न तिथंच आला. न्यायालयानं तेव्हा जे धरलं ते माझ्या भाषेत असं: विडी वळणं हे साधं काम आहे, त्यात मिनिटामिनिटाला कोणी सांगायची गरज नसते. मालकाचा ताबा शेवटी दिसतो, माल नाकारण्याच्या अधिकारात. हा अधिकार म्हणजेच देखरेख. त्या बायका कामगार आहेत आणि त्यांना पीएफ लागू आहे.

ज्या छाटीनं आजीला रडवलं, तीच छाट ती कामगार असल्याचा पुरावा होती. तिच्या ट्रंकेत विडीचं कार्ड सापडलं तेव्हा मी छाटीचा रकाना बोटानं वरून खाली वाचत गेले. निळ्या शाईत रोजचा आकडा. कारखान्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं की आम्ही हिचे मालक आहोत.

कायदा कागदावर होता, तो आपोआप घरी चालत आला नाही. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका ऐंशीच्या दशकात संघटनेत उतरल्या, संप केले, तेव्हा मजुरी आणि वागणूक दोन्ही बदलली.

कंत्राटी म्हणजे नक्की कोण?

आपल्या बोलण्यात 'कंत्राटी' हा शब्द तीन वेगळ्या माणसांना लागतो आणि त्यातून मोठा घोळ होतो.

एक, ठरावीक मुदतीसाठी थेट नेमलेला माणूस. तो पूर्ण कामगार आहे. जुने कामगार कायदे एकत्र करून आलेल्या नव्या श्रमसंहितेत तर त्याला एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी आहे. दोन, ठेकेदारामार्फत आलेला माणूस. त्याचा मालक ठेकेदार, पण ठेकेदारानं पीएफ बुडवला तर मूळ कारखान्याची मान सुटत नाही. १९७० पासून ठेका कामगारांसाठी वेगळा कायदा होता, आता त्यातलं बरंच संहितेत आलं आहे. तीन, ज्याला स्वतःलाच ठेकेदार ठरवलं आहे असा एकटा माणूस. आपला पोरगा यातला. पहिल्या दोघांचे हक्क कमीजास्त असतील, पण ते कायद्याच्या घरात आहेत. तिसऱ्याला अंगणातसुद्धा उभं केलेलं नाही. म्हणून कोणी "मी कंत्राटी आहे" म्हणालं की मी आधी विचारते, तुझा पगार कोणाच्या खात्यातून येतो आणि पावतीवर काय लिहिलेलं असतं?

हल्ली हे फक्त कारखान्यात राहिलेलं नाही. दवाखान्यातल्या लॅबमध्ये टेक्निशियनला 'कन्सल्टंट' करतात, खासगी क्लासच्या मास्तरांना 'मानधन' देतात, शोरूममधल्या पोरींना 'कमिशन एजंट' म्हणतात. शब्द जितका भारदस्त, तितकी मला काळजी वाटते.

ॲपवाली पोरं

संध्याकाळी आरपीडी क्रॉसला किंवा चन्नम्मा चौकात पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन उभी असतात ती पोरं. त्यांचा प्रश्न खरोखर कठीण आहे. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं, ॲप कधी चालू करायचं तेही त्यांच्या हातात. पण दर ॲप ठरवतं, ऑर्डर ॲप वाटतं, आणि गिऱ्हाइकानं दिलेले तारे कमी पडले किंवा ऑर्डर नाकारल्या की आयडी बंद. ते तारे म्हणजे आजच्या काळातली छाट आहे, असं माझं ठाम मत आहे.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली उबरच्या चालकांना स्वतंत्र धंदेवाईक मानायला नकार दिला आणि किमान वेतन व भरपगारी रजेचा हक्क दिला. आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयातही सप्टेंबर २०२४ मध्ये, एका महिला प्रवाशाच्या लैंगिक छळाच्या तक्रारीत, एका न्यायमूर्तींनी टॅक्सी ॲपचा चालक कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यापुरता कंपनीचा कर्मचारी धरला. लगेच पुढच्या महिन्यात खंडपीठानं त्या आदेशाला स्थगिती दिली. म्हणजे हा प्रश्न अजून उघडाच आहे.

सरकारनं मधली वाट काढली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आहे: नेहमीच्या मालक-नोकर नात्याच्या बाहेर राहून काम करून कमावणारा. अशांच्या कल्याणासाठी ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची, पण कामगारांना दिलेल्या पैशांच्या ५ टक्क्यांपर्यंतच. राजस्थाननं २०२३ मध्ये राज्यांत पहिला कायदा केला. कर्नाटकाचा २०२५ चा. त्यात कल्याण मंडळ आहे, नोंदणी आहे, कामगाराला दिल्या जाणाऱ्या प्रत्येक रकमेवर १ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान कल्याण शुल्क आहे, आणि काम बंद करण्याआधी कारण देऊन चौदा दिवसांची नोटीस आहे. बेळगावातल्या पोरांनी या कायद्याखाली नोंदणी करून घ्यावीच. पण हा कायदा त्यांना कामगार ठरवत नाही. किमान वेतन, पीएफ, ग्रॅच्युइटी यातून मिळत नाही. आणि माझी भीती अशी आहे की उद्या उद्यमबागेतला एखादा मालक मशीनवरच्या माणसालाही "तू गिग" म्हणेल. म्हणू द्यायचं नाही. गेटवर अंगठा मारणारा माणूस गिग होत नाही.

आता करायचं काय?

आधी एक कडू गोष्ट. आपण कामगार आहोत हे सिद्ध करायची पहिली जबाबदारी कामगारावरच येते. कर्नाटकातल्याच वन खात्याच्या एका खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वर्षात २४० दिवस काम केलं असं नुसतं प्रतिज्ञापत्रावर म्हणून चालत नाही. पुढं २००५ च्या एका निकालात थोडा दिलासा मिळाला. कामगारानं साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगावं आणि मालकाला हजेरीपट आणायला लावावं, मग मालकाच्या कागदांवरूनही गोष्टी ठरतात. तरी हातात काहीतरी पाहिजेच.

म्हणून कामावर असतानाच जमवा. ओळखपत्राचे दोन्ही बाजूंनी फोटो. गेटपास, कँटीनचं कुपन, शिफ्टच्या तक्त्याचा फोटो, सुपरवायझरचे "उद्या लवकर ये" असले व्हॉट्सॲप मेसेज. बँकेच्या स्टेटमेंटवर दर महिन्याला ठरल्या तारखेला एकाच ठिकाणाहून आलेली रक्कम ठळक दिसते, तो फार मोलाचा पुरावा. रोख मिळत असेल तर व्हाउचरवर सही करण्याआधी त्याचा फोटो घ्या. मेसेज असलेला मोबाइल विकू नका, कोर्टात मूळ यंत्राची गरज पडू शकते. आणि एका साध्या वहीत तारीख, वेळ, काय काम केलं ते लिहीत चला. मशीनच्या नंबरासकट.

दुसरं, नेमणूकपत्र मागा. नव्या संहितेनं ते प्रत्येक कर्मचाऱ्याला देणं बंधनकारक केलं आहे. तोंडी मागू नका, मेसेजवर मागा. नकार आला तरी तो लेखी राहतो.

सह्यांचं आमच्या भागातलं दुखणं वेगळं आहे. करार इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये असतो, आणि मराठी शाळेत शिकलेला माणूस "साहेब म्हणायलेत तर कर सही" म्हणून करून टाकतो. मी पाया पडून सांगते, कळल्याशिवाय सही नको, आणि केली असेल तर प्रत मागून घ्या. केलेल्या सहीनं सगळं संपतं असंही नाही. मिठागर, शिंपी, दोरखंड, विडी, हे खटले मालक "हे आमचे कामगार नाहीत" म्हणत असतानाच जिंकलेले आहेत.

तक्रार कोणत्या भाषेत द्यायची हा प्रश्न मला नेहमी विचारतात. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला संघात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. मराठीत लिहायचा हक्क आहे. तरी मी मराठी अर्जासोबत कन्नड प्रत जोडते, कारण टेबलावरच्या माणसाला वाचता आलं की फाइल हलते. शेजारचा कन्नड दोस्त अर्ध्या तासात लिहून देतो. मशीनवर दोघं एकत्रच राबत असतात.

पीएफची तक्रार ईपीएफओच्या, म्हणजे केंद्राच्या पीएफ खात्याच्या, पोर्टलवर होते. कारखान्याला पीएफ लागू आहे का आणि कोणाचा किती थकला आहे, याची चौकशी करून रक्कम ठरवायचा अधिकार त्या अधिकाऱ्यांना आहे. नव्या संहितेनं अशा चौकशीला पाच वर्षांची मर्यादा घातली आहे, म्हणून जुनं दुखणं उराशी धरून बसू नका. कामावरून काढलं असेल तर कामगार खात्यात समेटासाठी अर्ज, आणि तिथं नाही मिटलं तर पुढं न्यायाधिकरण. तिथंही आता काढल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

सीमेपलीकडे काम करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. बेळगावात राहून शिनोळीला जाता किंवा निपाणीतून कागलच्या एमआयडीसीत, तर किमान वेतन महाराष्ट्राचं आणि कामगार खातंही महाराष्ट्राचं. रेशनकार्ड कुठलं आहे याला महत्त्व नाही, मशीन कुठं आहे याला आहे. पीएफ आणि ईएसआय केंद्राचे, ते दोन्हीकडे सारखेच.

ई-श्रम कार्ड बऱ्याच जणांनी काढलं आहे, असंघटित कामगारांसाठी ते चांगलं आहे. पण "कार्ड आहे ना तुझ्याकडे, मग पीएफ कशाला" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. त्या दोन गोष्टींचा एकमेकीशी संबंध नाही.

आणि एकट्यानं जाऊ नका. तक्रार करणाऱ्याला काढून टाकतात, हे मी बघितलेलं आहे. पाच जणांना एकदम काढलं तर मशीन बंद पडतं, आणि मशीन बंद पडलं की मालक ऐकून घेतो.

त्या पोराचं रिटर्न मी भरून दिलं. मग त्याला बसवून हा सगळा हिशेब एका पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवला. तो बराच वेळ त्या १,६८० च्या आकड्याकडे बघत होता. "दर म्हैन्याला?" एवढंच म्हणाला. कागद घडी करून ओळखपत्राच्या कव्हरात सरकवला आणि गेला. मला वाटलं, गेला तो गेला.

पुढच्या रविवारी सकाळी ऑफिस बंद असताना त्याचा फोन आला. खाली उतरले तर दोन मोटारसायकली उभ्या होत्या, तो आणि त्याच शॉपमधले आणखी चौघे. त्यातला एक यमकनमर्डीचा, कन्नड बोलणारा. चौघांच्याही हातात प्लास्टिकच्या पिशव्या होत्या आणि चारही पिशव्यांत १६ए होते.